पोटगी माझ्यावर लावा

व्हर्लिन हॉगस्टाडकडे साठ गाई होत्या, दोनशे एकर जमीन होती आणि मारिट नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. बायको जोडीन मार्चमध्येच मुलीला घेऊन शेजारच्या गावात राहायला गेली होती. विस्कॉन्सिनच्या त्या भागात घटस्फोटाचं कुणाला काही वाटत नसे. पण जोडीनच्या वकिलाने पाठवलेला कागद मात्र भलताच होता.

"वाच आणि मुकाट्यानं सही कर," ऑर्विल टेस्के म्हणाला. ऑर्विल हा व्हर्लिनचा वकील आणि शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे तो फी कमी घेई आणि शिव्या जास्त देई.

मारिट आपली नाही, एवढंच व्हर्लिनने कबूल करायचं होतं. मग जोडीन तिला घेऊन कायमची ॲरिझोनाला जाणार, पोटगी मागणार नाही, आणि शेत, गाई, दूध काढायची यंत्रं सगळं व्हर्लिनचं. नाहीतर कायद्याने निम्मा वाटा आणि वर पोटगी.

आता खोटं कशाला बोला, मारिट त्याची नव्हतीच. जोडीन एकदा रुसून ॲरिझोनाला बहिणीकडे चार महिने राहून आली होती, आणि गावाला बोटांवर हिशेब करता येत होता. व्हर्लिनने तेव्हा चकार शब्द विचारला नव्हता. पाळणा मात्र रंगवायला घेतला होता.

"अरे, अख्खा गोठा फुकटात मिळतोय तुला!" ऑर्विल टेबलावर हात आपटत म्हणाला. "त्यांनी रक्ततपासणी मागितली तर काय निघेल, माहितीय ना?"

"मागू दे. लग्नात झालेलं मूल नवऱ्याचं, असं तूच सांगितलंस."

"ते खरं, पण तीस गाई जातील, गाढवा!"

"जातील," व्हर्लिन म्हणाला आणि त्याने कागदाची घडी करून परत दिली.

तपासणी मागितली गेलीच. जजबाईंनी चष्म्यावरून व्हर्लिनकडे पाहिलं. "मिस्टर हॉगस्टाड, तुमची हरकत का?"

व्हर्लिन उभा राहिला. कोट लग्नातला होता, पोटावर बसत नव्हता, पण आवाज ठणठणीत होता.

"मॅडम, माझ्या गोठ्यातल्या एकाही वासराचा बाप मी पाहिलेला नाही. तो नळीत गोठवून येतो, वर नंबर घालून. कॅटलॉगात वळूंचे फोटो बघून मागवतो आम्ही. उत्तम जातीचे असतात, मी नावं ठेवत नाही. पण वासरू आडवं आलं म्हणून त्यातला एकही कधी धावत आला नाही."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. व्हर्लिन थांबला नाही.

"मारिटच्या दातांना तार मी बसवून आणली. गणित अडलं की ती माझ्याजवळ रडते. त्या ॲरिझोनावाल्याला तिचा वाढदिवस तरी विचारा. आणि पोटगीचं म्हणाल तर लावा माझ्यावर, पूर्ण लावा. बापावरच लागते ना ती?"

जजबाईंनी तपासणी नाकारली. मुलीचं त्यात काडीचं हित नाही, बाप हाच, असा निकाल दिला. मारिट आईकडे राहील, शनिवार-रविवार आणि सुट्टीत बापाकडे. आणि त्याच्या संमतीशिवाय तिला राज्याबाहेर हलवायचं नाही.

गाईंची वाटणी तिकडच्या रीतीने झाली: एकाने दोन कळप पाडायचे, दुसऱ्याने हवा तो उचलायचा. व्हर्लिनने इतके सारखे कळप पाडले की जोडीन गोठ्यात तासभर फिरत राहिली. शेवटी तिचा कळप ट्रकमध्ये चढला. ज्या गाईंना व्हर्लिन नावाने हाक मारी त्यांतल्या कितीतरी गेल्या.

"तीस गाई घालवल्यास," जोडीन म्हणाली. "आणि कुणासाठी? तुला चांगलं ठाऊक आहे की ती—"

"शुक्रवारी तिला न्यायला किती वाजता येऊ?"

जोडीनने ट्रकचं दार लावून घेतलं.

"तीनला सुटते शाळा," ती म्हणाली. "उशीर करू नकोस. फाटकात उभी राहून बापाच्या नावानं बोंब मारते ती."