रंग उतरेपर्यंत

तोंडाला रंग लागला की नटाला वाईट बातमी सांगायची नाही, हा काशीराम परबांचा कायदा. स्वतःची आई गेल्याची तार त्यांनी पडदा पडल्यावरच वाचली होती, आणि ते पुराण घाटकोपरच्या त्यांच्या नाट्यमंडळात सगळ्यांना तोंडपाठ होतं. गिरणी बंद पडून नोकरी गेली, पण काशीरामबुवांचा ताठा काही गेला नाही!

त्या रविवारी दुपारी शेवटचा अंक सुरू होणार, इतक्यात बाळाचा मित्र धर्मा विंगेत धापा टाकत आला.

"काका, बाळा कामावर माळ्यावरून पडला. चेंबूरला हॉस्पिटलात आहे. तासभर काढला तर नशीब, म्हणतात. शुद्धीवर आहे, सारखा सुलूला बोलवतोय. रिक्षा थांबवून ठेवलीय."

सुलू म्हणजे सुलक्षणा, काशीरामांची लेक आणि नाटकाची नायिका. बाळाशी तिचं लग्न वैशाखात ठरलेलं. पलीकडे ती आरशासमोर भुवया कोरत होती. काशीराम दोन पावलं तिकडे गेले आणि थबकले.

"अर्ध्या तासाचा तर अंक. मग सांगू."

"अहो काका, वेळ नाही हो!"

"रंग लागलाय तिला. गप बस."

धर्मा कसला गप बसतोय! पण तो बाहेर प्रेक्षकांत बोलेपर्यंत पडदा वर गेला होता. बातमी पार शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली. कळायची एकटी सुलूच राहिली.

नाटकात ती गुंगीचं औषध पिऊन मेल्यासारखी पडली होती. ती जिवंत आहे हे नायकाला ठाऊक नाही. तो विषाची वाटी उचलतो. एरवी या जागी पोरं ओरडायची, "अरे थांब, जिवंत आहे ती!" आज कुणी हूं की चूं केलं नाही. पहिल्या रांगेत बाळाची मावशी सरूबाई पदर तोंडात कोंबून रडत होती. ते बघून नायक वाक्यच विसरला. संवादांची वही काशीरामांच्या हातात. त्यांनीच ते विंगेतून सांगितलं, "मला कुणी आधी का नाही सांगितलं?" आपण काय करून बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं.

पडदा पडला. सुलू धावतच आत आली.

"बाबा, बघितलंत? सगळे रडत होते! मेला ओव्हरटाइम, बाळा असायला हवा होता ना आज!"

धर्मा हॉस्पिटलात फोन करून आला होता. तिच्या पाठीमागे दारात उभा राहून त्याने नुसती मान हलवली. बाळा गेला होता.

काशीरामांनी खोबरेल तेलात कापूस बुडवला आणि लेकीचा रंग पुसायला घेतला. गाल पुसले, हनुवटी पुसली.

"बाबा, कपाळ राहिलं की," सुलू हसत म्हणाली.

त्यांचा हात काही कपाळावरच्या कुंकवाकडे जाईना.