रिकाम्या फोल्डरमधले फोटो

राबायचं धाकटीनं आणि कौतुक ताईचं, हा आमच्या घरचा जुनाच न्याय. धाकटी म्हणजे मी. ताई सातासमुद्रापार, आईचं पथ्य, गोळ्या, गुडघ्यांचा शेक सगळं माझ्याकडे, आणि तरी मी संत्रं सोलून हातात ठेवलं की आई खिडकीबाहेर बघत विचारणार, “ताईचा फोन आला का गं? ती इथं असती तर घर कसं भरलेलं वाटलं असतं.” दुरून डोंगर साजरे, असं मी मनात म्हणते. तोंडाने म्हणते, येईल.

त्या रविवारी सकाळीही हेच झालं, आणि डोकं शांत करायला मी कॉम्प्युटर उघडून बसले. पोटापाण्याचं कामही माझं तेच. घरच्या जुन्या मशीनसाठी नवा कर्नल, म्हणजे सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्रॅम, मी स्वतः बांधून बसवला. मशीन सुरू झालं, पण घरच्या फोटोंची डिस्क काही केल्या माउंट होईना, म्हणजे मशीनला जोडलीच जाईना. ही फाइल सिस्टिम ओळखीची नाही, एवढंच ते कोरडेपणाने सांगत राहिलं. चूक कुठं झाली ते लगेच कळलं: पर्याय निवडताना त्या डिस्कची भाषा समजणारा भागच मी रागाच्या भरात वगळला होता. पुन्हा बांधायचा, दुसरं काय.

त्याआधी, डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते तो मी सहज उघडून पाहिला. तो रिकामा असायला हवा. आत काही असलंच तर डिस्क जोडल्यावर ते नुसतं झाकलं जातं, पुसलं जात नाही. पलंगपोस घातला म्हणून गादीवरचे डाग काही जात नाहीत. पण हा फोल्डर मी माझ्या हाताने कोरा बनवलेला होता आणि त्यात कधी काही ठेवलं नव्हतं.

आत फोटो होते. आमच्याच घरातले. त्यांत मी नव्हते याचं आधी नवल वाटलं नाही, कारण फोटो काढायचं कामही नेहमी माझ्याच गळ्यात पडतं. मग आई हॉस्पिटलमधून घरी आली त्या दिवसाचा फोटो आला. तो शेजारच्या काकूंनी काढला होता. मूळ फोटोत आईचा दंड धरून मी उभी होते, स्वेटरवर औषध सांडलेलं. इथं माझ्या जागी ताई उभी होती. त्या दिवशी फोनवर नुसती रडली होती, ती ताई. अंगात माझाच स्वेटर, औषधाच्या डागासकट. आणि आई हसत होती, डोळे मिटेपर्यंत. शेवटचा फोटो आज सकाळचा होता: तीच खिडकी, आणि ताईच्या हातात अर्धवट सोललेलं संत्रं.

भ्यायला हवं होतं मी. पण खोटं कशाला बोलू, मी जळले. खस्ता माझ्या, नाव तिचं, आणि वर ते हसू, जे मला उभ्या जन्मात मिळालं नाही. मी सगळे फोटो निवडले आणि पुसून टाकले.

मग वगळलेला भाग घालून कर्नल पुन्हा बांधला, मशीन पुन्हा सुरू केलं. डिस्क निमूटपणे जोडली गेली. आधी हॉस्पिटलचा फोटो उघडला. मी माझ्या जागी होते, स्वेटर, डाग, सगळं तसंच. फक्त आई हसत होती, डोळे मिटेपर्यंत. पूर्वी ती या फोटोत हसत नव्हती, हे मला पक्कं आठवत होतं, पण ते आठवणं मी फार ताणलं नाही. कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

आई कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात तिने कधी ठेवल्याचं मला आठवत नाही.

“किती दमतेस गं, ताई,” ती म्हणाली.

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. हात उबदार होता, आणि तो उचलला जाईल अशी धास्ती वाटली. थोड्या वेळाने तो उचलला गेलाच. आई आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

“धाकटीचा फोन आला का गं? ती इथं असती तर घर कसं भरलेलं वाटलं असतं.”

“येईल,” मी म्हणाले, आणि त्या धाकटीच्या नावाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.