आंदण

"तुझी ट्रंकही इथंच आणून ठेव गं तुंगा. एकदमच लॉरीत चढवतील," बाईसाहेब म्हणाल्या.

दिवाणखानाभर लेकीचं, कमलाक्षीचं आंदण मांडलेलं होतं. घागरी, पराती, शिसवी चौरंग, गाद्यांची चळत, आणि सगळ्यांच्या मधोमध गॅसची नवी शेगडी. समयांना पोचे पडू नयेत म्हणून तुंगा त्यांना जुनी लुगडी गुंडाळत बसली होती. तिचे हात थांबले.

"माझी ट्रंक कशाला, बाईसाहेब? लग्न तर इथंच आहे."

"लग्न इथं, पण संसार बेंगळूरला ना? कमलाला साधा भात लावता येत नाही. मी सासरी आले तेव्हा तू माझ्यासंगं आलीस. आता ती निघाली, तू तिच्यासंगं जा. तिकडं फ्रिज आहे, गीझर आहे. तुझी तर मजाच की."

एवढं सांगून बाईसाहेब तबकं पुसायला वळल्यासुद्धा. त्यांच्या लेखी बोलणं संपलं होतं.

आता, बाईसाहेब दुष्ट होत्या असं कुणी समजू नका, बरं का. अख्खी अग्रहार पेठ पालथी घातली असती तरी तुंगाइतकी सुखात ठेवलेली बाई सापडली नसती. बाईसाहेबांचं माहेर बळ्ळारीकडचं, जुनं मराठा घराणं. तिथं लेक सासरी निघाली की आंदणात भांडीकुंडी, एक गाय आणि एक पोर द्यायची रीत होती. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, पण ही बातमी रीतीपर्यंत पोचली नव्हती. स्वयंपाकिणीची आठ वर्षांची मुलगी उचलून गाडीत बसवली, घागरींच्या मधोमध. तुंगाला आईचा चेहरा आठवत नाही. त्या घागरींचा खडखडाट मात्र अजून आठवतो.

त्यानंतर तिच्यावर कुणी बोटसुद्धा उगारलं नाही. घरचे जेवले तेच ती जेवली, आणि गरम जेवली. दर दसऱ्याला रेशमी साडी, कानांत सोन्याच्या कुड्या. टायफॉइड झाला तेव्हा बाईसाहेब स्वतः उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. शेजारणी म्हणायच्या, "तुंगा, पुढच्या जन्मी मला तुझं नशीब मिळू दे गं." तुंगा हसायची. दुसरं काय करावं हे तिला कधी सुचलंच नाही.

त्याच दुपारी लष्कर मोहल्ल्यातून विठ्ठलराव शिंपी ब्लाउज घेऊन आले. घरातले सगळे जेवून आडवे झाले होते. तुंगानं ओसरीवर पाणी आणून दिलं.

"आंदण बघितलं हं. जोरात आहे," गाठोडं सोडत ते म्हणाले. "तुम्हीही चाललात म्हणे बेंगळूरला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाईसाहेबांनीच. गेल्या महिन्यात तुमच्या मापाचे वेगळे शिवायला सांगितले, तेव्हा. हे घ्या."

म्हणजे शिंप्याला गेल्या महिन्यात कळलं होतं, आणि जिला जायचं तिला आज.

"बरंच झालं म्हणा," विठ्ठलराव बोलतच होते, त्यांना बोलायला फक्त समोर कान लागत. "मोठ्या घरात राहायची सवय तुमची. तेव्हासुद्धा तुम्ही शहाणपणानंच नको म्हणालात. माझी एक खोली, एक मशीन. गिऱ्हाईक आलं की बायकोला रस्त्यात उभं करावं लागलं असतं."

"कशाला नको म्हणाले मी?"

"घ्या. आजोबा झालो तरी चेष्टा करता माझी. आमची आई नारळ घेऊन नव्हती का आली, तुम्हाला मागायला? धनी म्हणाले, विचारून सांगतो. मग म्हणाले, तुंगा नको म्हणते. मग मी नंजनगूडची केली. होगली, जाऊ द्या. चांगली निघाली ती."

तुंगानं ब्लाउज उलटसुलट करून पाहिला.

"गळा जरा मोठा झालाय," ती म्हणाली.

विठ्ठलरावांनी वर पाहिलं आणि त्यांची बडबड एकदम थांबली. "तुम्हाला विचारलंच नव्हतं होय?" त्यांनी अगदी हळू विचारलं. तुंगानं ब्लाउजची घडी घातली. ते गाठोडं बांधू लागले, पण गाठ काही नीट बसेना.

संध्याकाळच्या कॉफीला तिघं दिवाणखान्यात होती. धनी फत्तेसिंगराव पेपरामागं, बाईसाहेब तबकांपाशी, कमलाक्षी मेंदीचे हात पसरून. तुंगानं कप ठेवले. एरवी ती लगेच आत वळायची. आज उभी राहिली.

"धनी, विठ्ठलरावांना मी नको म्हटलं, असं तुम्ही सांगितलंत?"

पेपर खाली आला. फत्तेसिंगरावांनी बायकोकडं पाहिलं.

"मीच सांगायला लावलं," बाईसाहेब म्हणाल्या. "कमला पोटात होती तेव्हा. तू गेली असतीस तर माझं कुणी केलं असतं? आणि काय मिळालं असतं गं तुला तिथं? एका खोलीत दहा माणसं. इथं काय कमी पडलं तुला? एक गोष्ट सांग. एक."

तुंगानं अगदी मनापासून आठवून पाहिलं. खरंच एकही गोष्ट सापडेना.

"काही कमी नव्हतं, बाईसाहेब. आणि खरं सांगू? मी कदाचित नकोच म्हटलं असतं. फार बोलायचे ते, वर तपकीर ओढायचे. पण ते मी म्हटलं असतं."

"म्हणजे शेवटी तेच की," फत्तेसिंगराव म्हणाले. ते खरोखरच गोंधळले होते.

"तेच नाही, धनी." तिला शब्द शोधावे लागत होते. "बाईसाहेबांसंगं गायही आली होती, आठवते? तिलाही तुम्ही सणाला पोळी द्यायचात. ती मेली तेव्हा बाईसाहेब दिवसभर जेवल्या नाहीत. मला ठाऊक आहे, तुमचा जीव होता तिच्यावर. तसाच माझ्यावर आहे."

बाईसाहेबांचा चेहरा एकदम उतरला. "मी तुला कधी तसं वागवलं नाही," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. ते रडणं खोटं नव्हतं. तुंगाला त्यांना पाणी आणून द्यावंसं वाटलं, आणि सवयीनं तिनं ते दिलंही.

थोड्या वेळानं कमलाक्षी स्वयंपाकघरात आली. मेंदीचे हात तसेच हवेत धरलेले. तुंगानंच न्हाऊमाखू घालून वाढवलेली पोर. खाली मान घालून म्हणाली, "तुंगा, मी विचारते तुला. येशील माझ्यासंगं? मला भीती वाटते एकटीला."

किती वाईट, बघा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं, आणि नेमकं तिनं विचारलं, जिच्यासाठी तुंगा बेंगळूरपर्यंत पायी गेली असती. हेच काल विचारलं असतं तर ट्रंक कधीच भरून झाली असती.

"नाही गं, कमलाक्का."

"मला वाटलं, तू हो म्हणशील."

"मलाही वाटलं होतं."

तुंगानं तिच्या कपाळावर आलेले केस मागं सारले, कारण पोरीचे हात मेंदीनं अडकले होते.

लग्न थाटात झालं. लॉरी गेली, मागून मोटार गेली. कमलाक्षीनं काचेतून तुंगाला शोधलं, तुंगानं हात हलवला. दोन दिवसांनी तुंगाही ट्रंक उचलून ते घर सोडून निघाली. बाईसाहेब तिच्याकडं पाठ करून फुलं गुंफत बसल्या होत्या. "कुड्या राहू देत कानांत," एवढंच म्हणाल्या.

मागच्या गल्लीत शांताक्काची मेस होती, कॉलेजची मुलं जेवायची. मागं एक खोली, एक स्टोव्ह. "कामाला उद्यापासून ये. आज आपल्यापुरतं काहीतरी करून खा," शांताक्का म्हणाली.

तुंगा पिशवी घेऊन बाजारात गेली. भाजीवाली ओळखीची. तिनं तराजू पुढं ओढला.

"एन् कोडली, तुंगम्मा? काय देऊ? ईरनगेरेची वांगी आलीत, ताजी."

वांगी धन्यांना आवडायची. दोडका बाईसाहेबांना, भेंडी कमलाला, तीही कुरकुरीत. कुणाला किती मीठ लागतं, हेसुद्धा तुंगाला ठाऊक होतं.

"आज फक्त माझ्यापुरतं पाहिजे," ती म्हणाली.

"मग तुला काय आवडतं ते सांग की."

तुंगा पिशवी उघडी धरून उभी राहिली. मागून गिऱ्हाइकं येत होती, घेऊन जात होती. तिनं एक मुळा उचलला. त्या घरात मुळ्याचा वास कुणाला चालत नसे. तो तिनं नाकाशी धरला, परत ठेवला. मग पुन्हा उचलला.