शेवटच्या बाकावरच्या सहाजणी

वरच्या कार्यालयात बसून हुकूम काढणाऱ्यांनो, आधी तुमच्याशीच बोलायचं आहे. "डोक्यात उवा आढळलेल्या मुलांना स्वच्छ होईपर्यंत वेगळे बसवावे," हे वाक्य तुम्ही लिहिलंत. सही केलीत, शिक्का मारलात आणि घरी गेलात. त्या एका वाक्याने नऊ-नऊ वर्षांच्या सहा मुलींचं काय केलं ते बघायला तुमच्यापैकी एकजणही फिरकला नाही. म्हणून आता बसा आणि ऐका. मध्येच उठू नका.

शर्टांच्या कारखान्यात एक चेकर होती. शिवून झालेला शर्ट तिच्या टेबलावर यायचा, डोक्यावर पांढरी ट्यूब जळत असायची, आणि ही बाई कॉलरपासून काजांपर्यंत नजर फिरवून निकाल द्यायची, पास की रिपेअर. सुटलेला एक टाका तिला उभ्या-उभ्या दिसायचा. अख्खी लाइन तिला 'दुर्बीण' म्हणायची. तिला त्याचा राग यायचा नाही, उलट मान जरा ताठच व्हायची. का होऊ नये? तिच्या हाताखालून गेलेला शर्ट आजवर परत आला नव्हता.

तिची लेक चौथीत होती. कंबरेपर्यंत दोन वेण्या आणि तोंडाला कुलूप नाही. वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर. म्हणून सगळे तिला 'ठिणगी' म्हणत. ही ठिणगी गेले तीन महिने विझत चालली होती आणि दुर्बिणीला ते दिसलं नाही. तिला दिसत होत्या फक्त शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या.

त्या दिवशी तिसरी आली. "आपल्या पाल्याच्या डोक्यात उवा आहेत. घरातील स्वच्छतेकडे लक्ष द्यावे." बस्स. खाली शाळेचा शिक्का.

नणंद आली होती. तिने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि पदर तोंडाला लावून हसली. "वहिनी, जगाचे शर्ट तपासता आणि घरच्या डोक्यात वारूळ?"

"दर रविवारी धुते, विंचरते. रविवारी एक सापडत नाही हो. गुरुवारी पुन्हा भरलेलं डोकं!"

"मग रॉकेल चोळा आणि फडकं बांधा घट्ट. एका रात्रीत साफ."

नवरा टेम्पो चालवायचा. दमून आला होता, बूट काढता काढता म्हणाला, "कापून टाक गं. केसच आहेत, येतील परत."

नणंद गेली, नवरा आंघोळीला गेला. दुर्बिणीने कामाची मोठी कात्री काढली. तिला वाटलं होतं, पोरगी घर डोक्यावर घेईल. पण ठिणगीने स्वतःच स्टूल ओढलं आणि पाठ करून बसली.

"काप आई. पण एकदम बारीक काप. म्हणजे मला पुढे बसवतील."

"पुढे म्हणजे? तू पुढेच बसतेस ना?"

"नाही. उवांच्या बाकावर बसते. सगळ्यात मागे."

कात्री हवेतच राहिली. "कधीपासून?"

"पहिल्या चिठ्ठीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू रडली असतीस." ती पुढे म्हणाली, "आम्ही सहाजणी आहोत. जागा चौघींचीच आहे, म्हणून चिकटून बसतो. पुस्तक मध्ये ठेवलं की डोकी अशी लागतात." तिने वळून आपलं कपाळ आईच्या कपाळाला टेकवून दाखवलं. "हात वर केला तरी बाई मागे बघत नाहीत. मग मी करतच नाही."

दुर्बिणीने कात्री खाली ठेवली. रडू आलं म्हणून ठेवली. मंडळी, खोटं कशाला सांगायचं, तिचं डोकं त्या वेळी चाललंच नव्हतं. ते चाललं दुसऱ्या दिवशी, कारखान्यात.

तिच्या शेजारी नवीन लागलेली चेकर एका शर्टावर चिडली होती. बगलेची शिवण सुटलेली. दोनदा रिपेअरला जाऊन आलेला आणि तिसऱ्यांदा तसाच. "कसला दळभद्री पीस आहे हा!" म्हणून तिने तो आपटला.

दुर्बीण मान वर न करता म्हणाली, "बाई गं, पीसला काय शिव्या घालतेस? उसवून शिवतात कुठे? त्याच मशीनवर ना? सुई वाकडी असेल. दहा वेळा पाठवशील तरी तसाच येईल. लाइन थांबव आणि मशीन बघ."

पलीकडे कटिंग मास्तर खडूने कापडावर आखत होते. पांढरे केस, गळ्यात टेप, तीस वर्षं त्याच टेबलाशी. सकाळच्या चहाला त्यांनी दुर्बिणीची सगळी कहाणी ऐकली होती. खडू खाली ठेवून ते म्हणाले, "वा! आणि हे घरी नाही सुचलं तुला?"

"काय, मास्तर?"

"लेकीला तीनदा रिपेअरला घेतलंस की. रविवारी तू डोकं साफ करायचं, सोमवारी शाळेने ते पाच डोक्यांना चिकटवून बसवायचं. मग गुरुवारी काय सापडणार, मोती?"

दुर्बिणीच्या हातातला शर्ट टेबलावर पडला.

मास्तर आता थांबणारे नव्हते. "अगं, उवेला पंख नाहीत, तिला उडी मारता येत नाही. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत जाते बिचारी. डोकं धुतलेलं की न धुतलेलं, घर फरशीचं की पत्र्याचं, तिला काय करायचंय? तिला रक्त हवं, ते सगळ्यांचं सारखंच. शाळेने तिला सहा डोक्यांचा पूल बांधून दिला आणि पावती फाडली तुझ्या नावाने. घाणेरडे तुम्ही!"

"नणंद म्हणते, रॉकेल चोळा."

"पोरीला पेटवायचीय का? शेगडीपाशी गेली की संपलं! औषध लावायचंच तर डॉक्टरांना विचारून लाव. नाहीतर केस ओले कर, भरपूर कंडिशनर लाव आणि बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत काढ. दर वेळी फणी पांढऱ्या कापडावर पूस. पण एकदा करून भागत नाही. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर चौथ्या दिवशी, निदान दोन आठवडे. शेवटी तीनदा कापड कोरं निघालं की मग थांब. आणि सगळ्यांनी एकाच दिवशी. एकटीने करून काही होणार नाही."

"शाळेला कोण सांगणार, मास्तर? मी कोण तिथे?"

"मालकाच्या तोंडावर त्याचा शर्ट नापास करतेस, तेव्हा कोणाला विचारतेस?"

शनिवारी पालकसभा होती. दुर्बिणीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पिशवीत फणी, कंडिशनर आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा घेतला, आणि चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली. गुडघे वर येत होते, तरी तिथेच बसली. पुढे मुलींचे आईवडील, भिंतीला लागून मुली उभ्या. वर्गशिक्षिका अक्षर, गृहपाठ, डब्याची झाकणं यांवर बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आणि काही घरांतून स्वच्छतेचं जरा..."

"बाई, ते मी बोलते," दुर्बीण उभी राहिली. "ते घर माझं आहे."

ठिणगीने मान खाली घातली.

"मी शर्ट तपासते. एकच दोष तीनदा आला तर आम्ही शर्टाला मागच्या टेबलावर शिक्षेला बसवत नाही. लाइन थांबवतो, दोष कुठून येतो ते बघतो. इथे सहा मुलींना एका बाकावर कोंबलंय. त्यांच्या आया घरी साफ करतात, शाळा परत भरून देते. मला सांगा, बाई, हा बाक उवा घालवायला आहे की पाळायला?"

"वरून तसं परिपत्रक आहे," शिक्षिका म्हणाल्या. आवाज बारीक होता. "आणि बाकीच्या मुली चांगल्या घरच्या..."

"आमचं घर वाईट? या, बघा! ताट, हंडा, पांघरूण, काय बघायचं ते बघा! पाय पुसून या फक्त."

कोणीतरी हसलं. पण पहिल्या रांगेतली एक बाई हसली नाही. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर चामड्याची पर्स. बँकेत अधिकारी होती ती, आणि तिची मुलगी वर्गाची मॉनिटर. तिने पर्स बाजूला ठेवली.

"माझ्या मुलीच्या डोक्यातही आहेत," ती म्हणाली. "दोन महिने. महागातलं औषध आणते, दार बंद करून लावते आणि कोणाला सांगत नाही. मागच्या बाकावर बसवतील म्हणून."

मग मधल्या रांगेतून एक हात वर झाला. मग खिडकीपाशी एक. एक बाप म्हणाला, "आमच्याकडे तर दोघींना आहेत, आणि बायकोला पण!" आणि बायकोने त्याला कोपराने ढोसलं. मोजायची गरजच राहिली नाही!

शिक्षिका टेबलाला धरून उभ्या होत्या. तीन महिने ज्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नव्हतं त्या सहाजणींकडे त्या आता बघत होत्या. मग त्या खुर्ची ओढून वर्गाच्या मधोमध बसल्या आणि अंबाडा सोडला.

"सुरुवात माझ्यापासून करा," त्या म्हणाल्या. "म्हणजे कोणत्याच मुलीला लाज वाटायला नको."

दुर्बिणीने केस ओले केले, कंडिशनर लावलं आणि ट्यूबखाली फणी फिरवली. तिसऱ्या वेळी कापडावर पुसली तेव्हा एक ठिपका हलला. सगळ्यांनी पाहिला. शिक्षिका लाल झाल्या. कोणी हसायचं की नाही, कळेना.

तेवढ्यात ठिणगी भिंत सोडून पुढे आली आणि खुर्चीशेजारी उभी राहिली. "घाबरू नका बाई. फणी टोचत नाही. आई हळू विंचरते."

बाईंनी तिचा हात धरला. खूप वेळ सोडला नाही.

त्याच दिवशी सहाजणी शेवटच्या बाकावरून उठल्या आणि आपापल्या जुन्या जागी बसल्या. त्यासाठी त्यांना आधी 'स्वच्छ' व्हावं लागलं नाही. ठरलं की दर चौथ्या दिवशी, एकाच संध्याकाळी, सगळ्या घरांत फणी फिरेल, मुलींच्या डोक्यात आणि घरातल्या मोठ्यांच्याही. बँकेतल्या बाईंना फणी नीट धरता येत नव्हती. त्या दुर्बिणीकडे शिकायला आल्या, स्टुलावर बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "ताई, तुमचा हात फार हलका आहे." नणंदेचंही डोकं भरलेलंच निघालं, आणि त्या संध्याकाळी तिने रॉकेलचं नाव काढलं नाही. तिसऱ्या आठवड्यात घरोघरची कापडं कोरी निघाली. ठिणगीच्या वेण्या कंबरेवर तशाच होत्या, आणि वर्गात तिचा हात पुन्हा प्रश्नाच्या आधी वर जात होता. कारखान्यात ही बातमी दुर्बिणीने स्वतः सांगितली, ट्यूबखाली, मान ताठ ठेवून. मास्तर म्हणाले, "हा पीस पास!"

मंडळी, यातून घ्यायचं ते एवढंच. उवा हा घाणीचा दाखला नाही. त्या कोणाच्याही डोक्यात होतात, आणि सगळ्यांनी मिळून काढल्या की जातात. त्यांना जगवते ती लाज. लाज वाटली की आई दार लावते, मुलगी गप्प बसते आणि उवा सुखाने नांदतात. तुमच्या मुलीच्या डोक्यात सापडल्या तर मोठ्याने सांगा. शेजारणीला सांगा, बाईंना सांगा. आणि कोणाच्याही मुलीला मागे बसवू देऊ नका.

आता हुकूम काढणाऱ्यांनो, तुम्ही. शिक्षिकेने सगळ्या वर्गासमोर केस सोडले, तिला कमीपणा वाटला नाही. वर्गातल्या सगळ्या पालकांनी सही करून तुम्हाला पत्र पाठवलं. ते पोचल्याची पोच आली, उत्तर नाही. तुमचं ते वाक्य इतर शाळांच्या भिंतींवर अजून लटकतंय, आणि कुठल्यातरी शेवटच्या बाकावर आजही कोणाची तरी लेक हात खाली ठेवून बसली आहे. ते वाक्य कधी खोडणार? आणि या सहाजणींसमोर उभं राहून "आमचं चुकलं" असं तुमच्यापैकी कोण म्हणणार? गोल बोलू नका. नाव सांगा, तारीख सांगा!