पाचशे बारा भोकांची शेकोटी

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. कपडे धुण्याच्या मशीनचा. पण माझ्या पोटात आता पाणी नसतं, विस्तव असतो. हसू नका! माझ्याइतका भिजलेला आणि माझ्याइतका तापलेला दुसरा ड्रम तुम्हाला सापडायचा नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. स्टीलचा पत्रा गोल वळवून त्याला पाचशे बारा भोकं पाडली, की झालो मी. मग एका इस्पितळाच्या तळघरात माझी नेमणूक झाली. तिथे पाच मशीन होती. मी तीन नंबरचा, सगळ्यांत लहान. माझ्याकडे फक्त डॉक्टरांचे कोट. पण कोट म्हणजे काय साधी गोष्ट? एक डाग राहिला तर वरपर्यंत बोभाटा व्हायचा.

त्या तळघरावर एका बाईंचं राज्य होतं. साडेचार फूट उंची, पण आवाज असा की पाचही मशीन एकदम बंद पडावीत. सगळे त्यांना मुकादम म्हणायचे. दर शनिवारी मुकादम छत्रीची एक मोडकी काडी घेऊन माझ्यात डोकं घालायच्या आणि भोकांत अडकलेली कपड्यांची लव एकेक करून काढायच्या. माझी भोकं पाचशे बारा आहेत हे मला त्यांच्याच मोजणीतून कळलं. एकतीस वर्षं त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही. शाबासकी डॉक्टरांच्या पांढऱ्याशुभ्र कोटांना मिळायची. आम्हा दोघांना कुणी विचारत नसे. आमचं काही बिघडत नव्हतं.

मग इस्पितळाचे कपडे बाहेर धुवायला जाऊ लागले. तळघराला कुलूप लागलं. मुकादम घरी गेल्या आणि आम्ही पाचही जण भंगारात. उघड्यावर पडून राहिलो. माझ्या अंगावर एक गंजका पंखा टाकला होता, आणि समोर पत्रे दाबून चौकोनी गठ्ठे करणारं यंत्र दिवसभर धडधडायचं. आपला नंबर कधी लागतो, एवढाच विचार.

एके दिवशी तिथे एक वेल्डर आली. शर्टावर ठिणग्यांनी पडलेली भोकं, कपाळावर चष्मा. लोखंड शोधता शोधता तिने मला उलटा केला आणि माझ्या बुडावरचा तीनचा आकडा बघून किंचाळलीच. "अगं बाई! हा तर आमच्या आईंचा तीन नंबर!"

ती मुकादमांची सून होती. नवरा बोटीवर कामाला, त्यामुळे घरात या दोघीच. काम सुटल्यापासून सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसून असायच्या. एकच टॉवेल घडी घालायचा, मोडायचा, परत घालायचा. जेवायला हाक मारली तरच उठायच्या. सुनेला ते बघवत नव्हतं. तिने माझी शेकोटी करायचं ठरवलं, आईंना अंगणात आणायला.

आणि काय झोकात केली म्हणता! एका जुन्या पिंपाला खालून वाऱ्यासाठी खिडक्या कापल्या आणि मला त्यात बसवलं. मोडक्या खाटेच्या नळ्यांचे तीन पाय लावले. पडलेल्या भिंतीच्या विटा खाली रचल्या. रविवारी संध्याकाळी पहिला जाळ केला. वारा खालून शिरला, माझ्या भोकाभोकांतून वर आला आणि धुराचा मागमूस नाही! मुकादम दारात आल्या. दोन पावलं पुढे आल्या. मग त्यांनी माझ्या कडेला बोट लावलं, चटका बसला आणि त्या ओरडल्या, "अरे लबाडा, तू होय!"

कित्येक महिन्यांनी त्या तासभर अंगणात बसल्या. त्या दिवशी सुनेचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

पण दुसऱ्या दिवसापासून माझं काहीतरी बिनसलं. जाळ धरेना. नुसता धूर, डोळ्यांतून पाणी काढणारा. सुनेने लाकडं बदलली, पाय उंच केले. दिवसभर कारखान्यात राबून यायची आणि इथे फुंकर मारून बेजार व्हायची. मी मात्र आतून चकचकीत. "स्टील कसं झकास आहे, काजळीच धरत नाही," म्हणायची बिचारी. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो, पण ड्रमला तोंड कुठे असतं?

शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांच्या बायकोला दम्याचा त्रास. गुरुवारी ते कुंपणापाशी आले आणि सुनेला म्हणाले, "हे बघ, रागावू नकोस. पण हिला श्वास घेता येत नाही. हे धूड तू हलव."

मास्तरांचं खरंच होतं. "रविवारी भंगारवाला बोलावते," तिने शब्द दिला. खिडकीतून मुकादमांनी ते ऐकलं. त्यांनी टॉवेल उचलला आणि घडी घालायला लागल्या.

रविवार उजाडला. भंगारवाल्याने मला पिंपातून उपसलं. त्या गठ्ठ्याच्या यंत्राची धडधड मला आधीच ऐकू यायला लागली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब रे!"

मुकादम उभ्या होत्या. एका हातात बादली, दुसऱ्यात ब्रश. "जाताना तरी स्वच्छ जाऊ दे त्याला. आठवडाभर रोज धुतलाय, आज कसा चुकवू?"

सून बघतच राहिली. "आई, तुम्ही याला रोज धुता?"

"मग? तू गेलीस की दोन बादल्या. एकतीस वर्षं धुतलाय मी, काळाकुट्ट कसा ठेवू?"

सुनेने मला घाईघाईने उलटं केलं. माझ्या बुडाशी बाहेरून राखेचा चिखल वाळून गच्च बसला होता. "गिलावाच झालाय की," भंगारवाला म्हणाला.

"पाण्याने राखेचा चिखल होऊन भोकं बुजलीत, आई. वाराच बंद झाला. म्हणून धूर."

मुकादमांनी बादली खाली ठेवली. "म्हणजे धूर मी केला?" आवाज इतका बारीक की मला ओळखूच आला नाही.

मला वाटलं, सून आता जाऊ द्या म्हणेल, समजूत घालेल आणि सासूबाईंना परत खुर्चीत नेऊन बसवेल. पण तिने कमरेवर हात ठेवले. "केलात ना? मग आता निस्तराही तुम्हीच. पाचशे बारा भोकं आहेत, मला काही जमायचं नाही ते."

मुकादमांनी पदर खोचला. मग अंगण दणाणलं. "बघत काय बसलीस? छत्रीची काडी आण! आणि तू रे, नीट धर त्याला, हलवू नकोस!"

भंगारवाल्याने निमूटपणे मला धरलं. एक, दोन, तीन... प्रत्येक भोक मोजून मोकळं होत होतं. दुपार टळली, भंगारवाला दोनदा चहा प्याला. "पाचशे बारा!" मुकादम ओरडल्या, तेव्हा माझ्या प्रत्येक भोकातून ऊन आरपार गेलं.

संध्याकाळी मास्तर हाताची घडी घालून कुंपणाशी उभे राहिले. मुकादमांनी स्वतः काडेपेटीची काडी ओढली. मी असा पेटलो म्हणता, असा पेटलो! स्वच्छ, सरळ, पिवळाधमक जाळ! मास्तरांनी माझ्याभोवती चक्कर मारली, हवेत नाक खुपसून बघितलं, धूर काही सापडेना. ते घरी गेले आणि दोन खुर्च्या घेऊन आले. एक त्यांची, एक बायकोची. भंगारवाला रिकाम्या गाडीवर टेकून बघत होता. "हा ड्रम जर कुणी विकला," तो म्हणाला, "तर मी घेणारच नाही."

आज माझं अंग तापून निळसर सोनेरी झालंय. दर शनिवारी मुकादम काडी घेऊन येतात, राख कोरडीच काढतात, आणि कुणी पाण्याचा पेला घेऊन जवळ आलं की त्यांचा तो जुना आवाज लागतो. टॉवेल कुठे आहे, कुणालाच माहीत नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना काय हवंय ते आधी बघून जपा. आणि तुमच्या घरात कुणी जुनं माणूस खिडकीशी बसलेलं असेल, तर त्याला अंगावर शाल देऊन थांबू नका. त्याच्या हातात छत्रीची काडी द्या.