प्रफुल्लच्या नावाची आंघोळ

माझ्या भावाने, प्रफुल्लने, कोर्टात अर्ज केला की, आईला आता काही समजत नाही, तेव्हा तिचा पालक म्हणून मला नेमा. पालक म्हणे! अर्ज मंजूर झाला की आईने कुठे राहायचं ते तोच ठरवणार आणि सफाळ्याच्या भातशेतीच्या कागदांवर सहीही त्याचीच चालणार.

तो तिला कुठे ठेवणार हे मला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी तिचा खुबा मोडला तेव्हा त्याने तिला बोईसरच्या फ्लॅटवर नेलं होतं. कंपनीत ड्युटीवर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवला की झाली ह्याची सेवा! शेजारणीने फोन केला आणि मी आईला सफाळ्याला घेऊन आले. घरात शिरायच्या आधी ती अंगणातल्या दगडावर बसली. म्हणाली, "दीपे, पाणी ओत. प्रफुल्ल मेला मला." मी तांब्या ओतला. खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

मंगळवारी कोर्टाने नेमलेले डॉक्टर तिला तपासायला घरी आले. मागोमाग इस्त्रीच्या शर्टात प्रफुल्ल. डॉक्टरांनी वार विचारला, आईने सांगितला. यंदा भात किती झालं, घरात कोण कोण, सगळं बरोबर सांगितलं. प्रफुल्लचं तोंड उतरत चाललं होतं.

"मुलं किती, आजी?"

"एक. ही दीपिका."

"आणि हे?"

"तो मेला. मी आंघोळ केली त्याच्या नावाची."

"बघितलंत?" प्रफुल्ल लगेच पुढे सरकला. "मी समोर बसलोय आणि ही म्हणते मेला."

डॉक्टरांनी लिहिलं: मुलाला ओळखत नाहीत. मी घाईघाईने आंघोळीचं सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "ताई, तुम्ही नको. त्यांनी स्वतः सांगायला हवं."

मी आईच्या पायाशी बसले. "आई, एकदाच त्याला पोर म्हण. नाहीतर परत त्या कुलपात जाशील."

"बोललेलं मागं घेऊ?"

"घे गं. माझ्यासाठी घे."

तिने पदर सावरला. मग डॉक्टरांकडे वळली.

"लिवा. हा प्रफुल्ल. माजा मोठा पोर. डाव्या कोपराला भाजल्याची खूण हाय, चुलीवर पडलेला. यानं मला पंधरा दिस कोंडली. मी दार वाजवायची. ह्येबी लिवा."

प्रफुल्लने डावी बाही खाली ओढली. डॉक्टरांनी ते पाहिलं. आधीची ओळ खोडली आणि त्याला विचारलं, "कुलूप बाहेरून होतं?"

"ती पडू नये म्हणून हो..."

"म्हणजे होतं." त्यांनी तेही लिहिलं.

डॉक्टर गेले. प्रफुल्ल ओट्यावर बूट घालत होता. तेवढ्यात आई त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"दीपे, पाणी काढ."

"आता कशाला?"

"पोर म्हटलं ना मी त्याला. परत करायला नको आंघोळ?"

ह्या वेळी मी बादलीच भरली.