लाल दोऱ्याची बाटली

तीन वर्षं मी पिठातल्या किड्यांच्या मागे लागलो होतो. आर्वीच्या आमच्या कॉलेजात मुलं मला मागून ‘पीठवाले सर’ म्हणत, आणि ते मला ऐकू जाईल याचीही काळजी घेत. हसा लेको, मी मनात म्हणायचो. एक्स-रेखाली धरलेल्या त्या तांबड्या किड्यांच्या वंशात एखादा काळा, एखादा वाकड्या मिशांचा निघाला, की त्या खुणेवरून कोणता गुण पुढच्या पिढीत कसा उतरतो ते शोधता येणार होतं. खूण नाही तर पीएच.डी. नाही. पण चाळीस बाटल्यांतले किडे एकजात तांबडे.

१९८२च्या फेब्रुवारीत एका शनिवारी मार्गदर्शकांचं पत्र आलं, की विषय बदला. माझं डोकंच फिरलं. वही काढली आणि ज्यांच्यापुढे सारखं ‘काही नाही’ लिहिलेलं होतं त्या दहा बाटल्या किड्यांसकट ओव्हनमध्ये घातल्या.

सोमवारी तास झाला नाही, म्हणून मी लवकर प्रयोगशाळेत आलो. आमच्या अटेंडंट धुरपताबाई बाटल्या चाळत होत्या. दर सोमवारी त्या चाळायच्या, नवं पीठ भरायच्या आणि मग मी मोजायला बसायचो. काम इतकं नेटकं, की तीन वर्षांत मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी चाळणीतून काहीतरी चिमटीत उचललं आणि रॉकेलच्या डबीत टाकलं.

“काय टाकलं ते?”

“खराब होता जी. एकाच मिशीचा.” त्या हसल्या. “चांगले तेवढेच ठेवतो मी तुमच्यासाठी.”

मी रॉकेलच्या डबीत वाकून पाहिलं.

“कधीपासून हे?”

“पयल्यापासून. घरी दाय-तांदूळ निवडतो का नाई, तसं. तुमच्या कामात खोट नको.”

मी ओरडलो. काय काय बोललो ते आठवलं की आजही लाज वाटते. बाई चाळणी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

“आमाले काय मालूम, सर?” त्या म्हणाल्या. “काय पाह्यचं ते कोनी सांगतलंच नाई.”

मग मला एकदम सुचलं.

“काळा निघाला होता कधी?”

“निघाला ना! तीनदा. एकाच बाटलीतून.”

एकाच बाटलीतून तीनदा! म्हणजे तो काळेपणा त्या तांबड्यांत लपून वाहत होता. फेकलेले गेले तरी त्यांची भावंडं होती. जोडी जुळली की पुन्हा काळा निघणारच.

“कोणती बाटली? सांगा लवकर!”

“खिडकीजवळची. लाल दोरा बांधेल हाय तिले. काळे निघतेत म्हनून मीच बांधला होता.”

मी खिडकीकडे धावलो. तिथे पिठाचं एक वर्तुळ तेवढं उरलं होतं.

“ते तर तुमी शनवारी ओव्हनमंधी टाकली ना जी,” मागून बाई म्हणाल्या.

मी ओव्हन उघडला. लाल दोरा जागच्या जागी होता, नीट गाठ मारलेला. आतलं पीठ करपलं होतं. मी बाटली कागदावर रिकामी केली. भाजलेले किडे सगळेच काळे दिसत होते.

बाई जवळ आल्या आणि सवयीने निवडायला बसल्या.